ट्राय करतो, मावशी

सत्तावीस वर्षं मी लालबागच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतोय. कठीण शब्दांचं मला कधी काही वाटलं नाही, ते मुलं पाठ करतात आणि विसरतात. साध्या क्रियापदांनी मात्र जीव दमतो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात 'ट्राय' आलं. मी नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं, ट्राय म्हणजे प्रयत्न करणे. मग नेहमीची दोन वाक्यं. डबा घट्ट बसलाय, उघडेल की नाही ठाऊक नाही, तरी जोर लावायचा, तर 'ट्राय टू ओपन'. डबा सहज उघडणारा आहे, उघडून फक्त बघायचंय आत काय ते, तर 'ट्राय ओपनिंग'. मुलं मान डोलावत होती. मला कळत होतं की अर्ध्यांचं लक्ष मधल्या सुट्टीकडे आहे.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, अजून एक अर्थ राहिला."

"कोणता?"

"नाही."

"नाही काय?"

"ट्राय म्हणजे नाही, सर. पप्पा गॅदरिंगला 'ट्राय करतो' बोलले ना, की मी बाईंना सांगते, आमच्या घरचा एकच पास द्या."

वर्ग हसला. मीही हसलो. मग फळा पुसला, दहा वाक्यं लिहायला सांगितली आणि तास संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. मुलांना वाटलं, सरांना राग आला. राग नव्हता. एवढी वर्षं जे मी कुणाला सांगितलं नाही, ते त्या पोरीने सहज, हसत सांगून टाकलं होतं.

आमच्याकडे हा शब्द फार चालतो. दादरच्या कपड्यांच्या दुकानात "ट्राय करून बघा ताई, घेतलंच पाहिजे असं नाही". कॅरमवर सोंगटी अडली की "ट्राय मार ना, काय जातंय तुझं". आणि कुणी काम सांगितलं की "ट्राय करतो". आधी आम्ही यासाठी 'बघतो' म्हणायचो. माझे वडील सगळ्याला बघतो म्हणत, आणि ऐकणारा समजून जायचा. 'प्रयत्न करतो' म्हणावं तर अंगाशी येतं, दुसऱ्या दिवशी माणूस विचारतो, काय केलंत मग? ट्राय बरा. म्हणताक्षणी असं वाटतं की निम्मं काम झालं. पुढे कुणी विचारत नाही. माझ्यासारख्या अबोल माणसाला तर तो फारच सोयीचा पडला.

मी तो ज्या बाईपाशी वापरला, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या खोलीत एक बाई खानावळ चालवायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती तरुणपणी विधवा होऊन मालवणकडच्या गावातून आली. तिच्याच गावच्या एका गिरणी कामगाराच्या नावावर ती खोली होती. त्यात गावचे चौदा पुरुष राहत, पाळीप्रमाणे येत-जात, आणि मावशी त्यांचं जेवण करी. एका पंगतीत सात जण, मग दुसरी पंगत. माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून माझं लग्न होईपर्यंत मी आणि माझे वडील तिच्याकडेच जेवलो.

तिचा एक नियम होता. पानावर बसलेल्या माणसाला बोलायचं नाही. एकदा मी माशाची दुसरी तुकडी मागितली म्हणून वडील माझ्यावर खेकसले. मावशीने उलथनं तसंच हातात धरून त्यांना सुनावलं, "पानावरच्या माणसाक बोलूचा नाय. बोलूचा आसात तर भायर जा." वडील मान खाली घालून जेवायला लागले. संपाच्या काळात कोण कुणाकडून काय लपवतंय, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तिला सगळं ठाऊक असायचं. चारचौघांत तिच्या तोंडून त्यातलं अक्षर निघालं नाही. तिच्याकडे जेवलेल्या माणसाची लाज ती सांभाळायची. तो तिचा धर्मच होता म्हणा.

गिरण्या गेल्या, पंगती गेल्या. पुरुष एकेक करून गावी परतले. ज्याच्या नावावर भाडेपावती होती तोही वारला. खोलीत मावशी एकटी राहिली. लोअर परळच्या ऑफिसांतल्या दोन-चार पोरींना डबे द्यायची. मग चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं, आणि त्या वारलेल्या माणसाचा पुतण्या उगवला. पावती काकांच्या नावावर, म्हणजे नवं घर माझं. मावशी कोण? जेवण करणारी बाई.

मावशीच्या हातात कागद नव्हता. नव्या घरांची पात्रता ठरवणाऱ्या सरकारी कचेरीत तिला सांगितलं, इतकी वर्षं तुम्ही तिथे राहता हे सांगणारे दोन शेजारी आणा. त्यांनी सुनावणीला स्वतः यायचं, साहेबांसमोर बोलायचं आणि सही करायची. एक शेजारीण मिळाली, आमच्याच मजल्यावरची म्हातारी. दुसरा मी.

संध्याकाळी मी शाळेतून आलो, तर ती माझ्या दारात उभी.

"काय रे झिला, दमलंस?"

"नाही, बोल ना मावशी."

"तुझा नाव दिलंय मी. मास्तर आसस, तुझा ऐकतले. येशीत मां?"

मी म्हटलं, "ट्राय करतो, मावशी."

तेव्हा तो शब्द मी खोटेपणाने म्हटला नव्हता, एवढं मी स्वतःच्या बाजूने म्हणेन. त्या संध्याकाळी मला जायचं होतं.

दोन दिवसांनी जिन्यात आमचे सेक्रेटरी भेटले. चाळीच्या कमिटीचे. चांगला हसरा माणूस.

"मास्तर, म्हातारीच्या भानगडीत पडताय म्हणे?"

"शेजारी आहे ती."

"मग आम्ही कोण, पाहुणे?" ते हसले. "त्या पुतण्याने पुनर्विकासाला संमती दिलीय. तुम्ही तिथे जाऊन काही बोललात की वाद रेकॉर्डवर आला. वाद आला की अख्ख्या मजल्याची फाईल बसली. आणि तुमच्या खोलीवर अजून वडलांचं नाव आहे, मास्तर. तुमचं चढायचंय. ते कोण चढवणार?"

"म्हणजे धमकी देताय?"

"छे हो! आठवण करतोय. मास्तरांना कोण धमकी देईल?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खाली उतरले.

घरी मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जायचं तर जा. नसेल जायचं, तर काय ते एकदा सांगून टाक तिला. तिला दुसरं माणूस शोधू दे."

हे इतकं सरळ होतं. तिच्याकडे जेवलेली माणसं परळ-भोईवाड्यात अजून होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने त्यातलं कुणी शोधलं असतं. पण नाही म्हणायचं तर तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणायला हवं होतं. दुसऱ्यांदा तिने गॅलरीत विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "शाळेतून सुट्टी मिळायला हवी. ट्राय करतो." सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने चिठ्ठी आणून दिली. "सकाळी अकराक. तिसरो माळो." मी चिठ्ठी खिशात ठेवली. "ट्राय करतो, मावशी."

सुट्टी मी मागितली. मुख्याध्यापिका बाईंनी लगेच दिली, अर्ध्या दिवसाची. शर्टाला इस्त्री केली. लालबागहून लोअर परळला चालत गेलो, वेळेत पोचलो. हे सगळं मी का करत होतो ते मला तेव्हाही कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मला पुरावे हवे होते. मी प्रयत्न केला याचे. स्वतःला दाखवायला.

तिसऱ्या मजल्यावर लांब पॅसेज होता, भिंतीला लागून लोखंडी खुर्च्या. जिन्याच्या वळणावरून मला ती दिसली. नवं पातळ नेसली होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. एका बाजूला शेजारीण. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर तिने आपली कापडी पिशवी ठेवली होती. कुणीतरी बसायला आलं, तर तिने हाताने सांगितलं, माणूस येतोय.

मी तिथूनच परत फिरलो.

दादरला गेलो. एका वाचनालयात पेपर वाचायच्या लांब टेबलाशी बसलो. दोन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. त्यातलं एक अक्षर आज आठवत नाही. समोर एक पेन्शनर शब्दकोडं सोडवत होते, त्यांनी दोनदा माझ्याकडे पेन मागितलं, ते आठवतं. चार वाजता उठलो.

संध्याकाळी मावशी दारातच होती. मी बूट काढता काढता म्हटलं, "ट्राय केला गं, पण बाईंनी सुट्टी नाही दिली."

"असांदे," ती म्हणाली. "चाय घेतलंस?"

ती अपात्र ठरली. एकच साक्षीदार, पुरेसा पुरावा नाही. चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा ती शीवला भाचीकडे गेली. स्वयंपाकाचे मोठे टोप भंगारवाल्याने नेले. मी त्या दिवशी शाळेत होतो. सुट्टी असती तरी घरी थांबलो नसतो.

माझ्या खोलीवर माझं नाव चढलं. काही वर्षं आम्ही दुसरीकडे भाड्याने काढली, मग नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर मिळालं. खिडकीतून पूल दिसतो. समोरच्या फ्लॅटमध्ये पुतण्याने ठेवलेले भाडेकरू राहतात, चांगली मुलं आहेत, लिफ्टमध्ये मला अंकल म्हणतात. गणपतीत मावशीची कुणीतरी आठवण काढायचं, "तिच्या हातच्या सोलकढीची चव..." आणि मी दुसऱ्या खोलीत जायचो.

आठवीच्या त्या तासानंतर दोनेक महिन्यांनी मला त्याच कचेरीत जावं लागलं. माझ्या करारनाम्यात मजला चुकीचा पडला होता, तो दुरुस्त करायचा होता. क्लार्कने आमच्या जुन्या मजल्याचा अख्खा गठ्ठा काढला आणि टेबलावर माझ्यासमोरच उलटायला लागला. एका कागदावर मला माझं नाव दिसलं. आडवी रेघ मारलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

क्लार्कने वाचलं. "साक्षीदारांची यादी. दोन नावं होती. हे दुसरं अर्जदार बाईंनी स्वतः खोडायला लावलंय. ही बघा बाजूला त्यांची सही, सुनावणीचीच तारीख. साहेबांनी विचारलेलं दिसतंय, दुसरे साक्षीदार हजर नाहीत तर पुढची तारीख देऊ का, त्यांना समन्स काढू का. बाई म्हणाल्या, दुसरा कुणी नाही." मग त्याने माझ्या कागदावरचं नाव बघितलं, यादीतलं बघितलं आणि गठ्ठा बांधायला घेतला. "तुमची दुरुस्ती होऊन जाईल. पंधरा दिवसांनी या."

म्हणजे तिने साहेबांना नुसतं हो म्हटलं असतं, तर मला आणलं असतं त्यांनी. तारीख वाढवून मिळाली असती. त्या रविवारी मी शीवला गेलो.

दार भाचीने उघडलं. "या. तुम्हीच मास्तर ना? मावशी सांगते, मास्तर फार कामात असतात."

दीड खोली, माणसं सहा. मावशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरलेल्या गादीवर बसली होती. रात्री तिथेच झोपते, भाची म्हणाली, सकाळी पाचला पाणी येतं म्हणून तेव्हा उठवावं लागतं. मावशी ऐंशीच्या घरात गेली आहे. मला बघून तिला खरोखर आनंद झाला. त्याचाच जास्त त्रास झाला.

मी बराच वेळ बायको-मुलीचं सांगत बसलो. मग म्हटलं, "मावशी, माझं नाव तू खोडलंस."

"तां जुना झाला रे."

"का खोडलंस?"

"तो सेक्रेटरी इल्लो माझ्याकडे. म्हणालो, मास्तराची खोली पण जायत. दोगांच्यो खोल्यो कशाक घालवूच्यो?"

मी ऐकलं, आणि माझ्या मनाला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तिने माझ्यासाठी केलं, जाणूनबुजून केलं, म्हणजे माझा भार थोडा तिचाही झाला. असं काहीतरी.

"आता अपील करू," मी म्हटलं. "उशीर झाला म्हणून वेगळा अर्ज करावा लागेल. मी येतो, साक्ष देतो."

"आता कशाक? माझे पाय बघ."

भाची ओट्याशी उभी होती. पाठ आमच्याकडे ठेवूनच म्हणाली, "कर गं मावशी अर्ज. तुला म्हणून नाही. आमच्या पोरीला अभ्यासाला जागा नाही."

मावशीने 'कर' म्हणून मान हलवली. अर्ज मी लिहिला.

मध्ये तीन-चार महिने गेले. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा हसले नाहीत. "मास्तर, मिळालेलं पचत नाही का तुम्हाला?" मी माझ्या मजल्यावर उतरलो. बायको एवढंच म्हणाली, "आपल्याला काही होणार नाही ना?" मला ते माहीत नव्हतं, तसं मी तिला सांगितलं.

सुनावणीला मी मावशीला टॅक्सीने नेलं. या वेळी साहेबांच्या जागी एक मॅडम होत्या, शांत, कामाला कंटाळलेल्या. बाजूला टायपिस्ट. मी सांगितलं की बाई त्या खोलीत राहत होत्या, मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हातचं जेवलोय, पुतण्याला मी तिथे कधी पाहिलं नाही.

"मग मूळ सुनावणीला तुम्ही का आला नाहीत?"

"प्रयत्न केला होता," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी, तिथेही तेच तोंडात आलं.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "प्रयत्न केला म्हणजे नेमकं काय केलंत?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, मिळाली. इथे वेळेत आलो. जिन्यापर्यंत. मावशी माझ्यासाठी खुर्ची राखून बसली होती ते बघितलं. परत गेलो, दादरला चार वाजेपर्यंत बसलो. हिला खोटं सांगितलं की सुट्टी मिळाली नाही. माझ्या स्वतःच्या खोलीवर नाव चढायचं होतं.

टायपिस्टने बोटं थांबवली. "मॅडम, 'कामाच्या व्यापामुळे' टाकू?"

"ते सांगतायत तसं टाका." मग मॅडम मावशीकडे वळल्या. "आणि बाई, तुम्ही यांचं नाव का खोडलंत? आम्ही बोलावून घेतलं असतं यांना."

मला वाटलं ती मला सांगितलं तेच सांगेल, दोघांच्या खोल्या वगैरे. तिने मांडीवरचा पदर सारखा केला. मी हळूच म्हटलं, "सांग मावशी, सेक्रेटरी आले होते ते."

"तो इलो तां खरा," ती म्हणाली. "पण तेच्यासाठी नाय." तिने माझ्याकडे बघितलं नाही, मॅडमकडे बघत होती. "एक वाजेपर्यंत वाट बघलंय. मगे समाजला. ह्यो येवचो नाय. बोलावन हाडलेलो माणूस काय सांगतलो?"

धरून आणलेला माणूस काय सांगणार, असं ती विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे जेवलेल्या माणसाबद्दल ती चारचौघांत बोलली होती, आणि तो माणूस शेजारी बसला होता.

टायपिस्टला मालवणी कळली नाही. "काय टाकू, मॅडम?"

मॅडमनी सावकाश सांगितलं, "साक्षीदार येणार नाही याची अर्जदारास खात्री पटल्याने तिने त्याचे नाव मागे घेतले." टायपिस्टने ते टाईप केलं, वाचून दाखवलं. आधी मावशीने सही केली, जपून, एकेक अक्षर काढत. मग कागद माझ्याकडे आला.

परत टॅक्सीनेच आलो. शीवला उतरताना मी हात दिला तो तिने धरला, कारण पायरी उंच होती. दारातून "आत ये" असं म्हणाली नाही.

निकाल अजून लागलेला नाही. कमिटीने माझ्या घराची पात्रता पुन्हा तपासावी म्हणून अर्ज दिल्याचं कानावर आलंय, खरंखोटं माहीत नाही. मावशी भाचीच्या स्वयंपाकघरात झोपते. दर सोमवारी शाळा सुटली की मी त्या कचेरीत जातो. शिपाई मला आता ओळखतो, पॅसेजच्या टोकापासूनच हात हलवून 'नाही' म्हणतो. तरी मी टेबलापर्यंत जातो आणि विचारतो.